शकूचं पित्त

पौषात अख्खं औराद शेकोटीला हात धरून बसतं, तेव्हा आमच्या शेजारची शकू दारात बसून खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पित्त हाय, अक्का." आमटीत दोनदा मीठ पडलं, पित्त. बाजारात वांगीवाल्याशी कडाकडा भांडली आणि घरी येईपर्यंत त्याच्याचसाठी रडली, तेही पित्तच. सदतिशीच्या बाईत एवढं पित्त मी तरी पाहिलं नव्हतं.

दुसरं वेड म्हणजे दर महिन्याचं बाजूला बसणं. आम्हा लिंगायतांत हे नाहीच, आणि गल्लीत आता कोणीच पाळत नाही. शकू मात्र तीन दिवस परसातल्या ओट्यावर, ताट-तांब्या वेगळा. तिची सासू, आत्याबाई, एरवी चुलीकडे फिरकत नाही. त्या दिवसांत बिचारी भाकरी करपवून का होईना, सुनेला वाढते. घरात अजून पाळणा हललेला नाही, तरी सुनेवर जीव आहे. मी चिडवायचे, "शकू, सुट्टी पायजे म्हण की सरळ." ती नुसती हसायची.

माझी पाळी पन्नाशीला गेली, तेव्हा माझ्याही अंगाची अशीच आग व्हायची, उगीच रडू फुटायचं. परवा तिचा तो पुठ्ठा बघता बघता मला ते आठवलं.

"शकू, पाळी येती का तुला?"

पुठ्ठा थांबला. "वरीस होत आलं, अक्का. बिदरच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं. वेळेआधीच गेली म्हनल्या. आता लेकरू व्हायचं कठीन हाय. ह्यांना ठावूक हाय, आत्याबाईला न्हाई."

"मग बाजूला कामून बसायलीस?"

"पहिल्या महिन्यात न्हाई बसले. आत्याबाईला वाटलं दिवस गेले. नारळ फोडला, मला घागर उचलू देईनात. मला बघवंना. दुसऱ्या महिन्याला गप जाऊन ओट्यावर बसले." मग हळूच म्हणाली, "बसले की त्यांना वाटतंय, औंदा न्हाई तर पुढं हुईल. माझं संपलं. त्यांचं कामून संपवू?"

मला रडू आलं.

काल ती पुन्हा ओट्यावर दिसली. मी चहा घेऊन गेले आणि तिला खेटून बसले. आतून आत्याबाई म्हणाली, "शिवू नको गं तिला."

"आमच्यात न्हाई ओ पाळत."

"बरं. शकू, खारका आणून ठेवल्यात. न्हालीस की दुधातून देते. अंगात ताकद पायजे."

"व्हय, आत्याबाई," शकू म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी तिच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि वारा घालू लागले.