फिफ्टीन, नाइन, सेव्हन्टीन

"दोन महिने थांबा! माझ्या पोरीपुढं कॅल्क्युलेटर रडत बसंल!"

निवृत्तीनं हे ऑफिसात, भर चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि तिथंच चुकला. बढाई मारायचीच तर माणसानं घरात मारावी. बायको ती विसरते, नाहीतर पोटात तरी घालते. ऑफिस यातलं काही करत नाही.

साल २०१४. तेलुगू राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते, आणि नामपल्लीच्या त्या सरकारी ऑफिसात प्रत्येक कागदाच्या प्रती निघत होत्या, एक ह्या राज्याला, एक त्या राज्याला. झेरॉक्सचं मशीन सकाळी दहाला सुरू व्हायचं ते पार तापून वास सुटेपर्यंत चालायचं. सीनियर असिस्टंट निवृत्ती दिवसभर त्याच्याशेजारी उभा. सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा: आपण कुठल्या राज्यात जाणार? निवृत्तीच्या डोक्यात मात्र राज्य नव्हतं, शाळा होती.

त्याचे वडील दौलतबाबा एका मोठ्या फाटकाच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. घंटा द्यायचे ते, आणि आत पळायची ती दुसऱ्यांची पोरं. जाताना म्हणाले, "निवृत्ती, त्या घंटेला आपलं एक तरी लेकरू आत पळालं पाहिजे रे." निवृत्तीची सुमेधा सात वर्षांची. त्या शाळेत तिसरीच्या मोजक्या जागा, आणि मे महिन्यात एक छोटी चाचणी. झालं! निवृत्तीला दुसरं काही सुचेना.

कुकटपल्लीला एक शिकवणी होती. तिथं शिकवण्यापेक्षा शीट देण्यावर भर. एका शीटवर वीस बेरजा, समोर घड्याळ. आज एक शीट, उद्या दुसरं. अंबरपेठेहून कुकटपल्ली म्हणजे बसमध्ये अर्धा जन्म, म्हणून निवृत्ती एकदाच गेला आणि साठ शीटांचा गठ्ठाच उचलून आणला. तिथल्या पद्मजा मॅडम जिन्यापर्यंत मागं आल्या. "सार, रोज नवीन शीट हां! अडली तर थांबून समजावायचं!"

"हौ, हौ," म्हणत निवृत्ती उतरला. त्याचं शास्त्र वेगळं होतं. पाया पक्का! पहिलं शीट पंचवीस सेकंदांत, एकही चूक न करता झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मग एका दुपारी सरकारी कागदांच्या मधोमध त्यानं पहिलं शीट सरकवलं आणि दोनशे प्रती काढल्या. एक प्रत खालच्या मजल्यावरच्या शकीलभाईंच्या अर्शदला दिली. शेजारधर्म!

रोज संध्याकाळी स्टॉपवॉच टक् करायचं आणि सुमेधाची पेन्सिल पळायची. तीन मिनिटं. दोन मिनिटं. अठ्ठावन्न सेकंद. एकेचाळीस! निवृत्तीची छाती रोज दोन बोटं फुगत होती.

आणि मग ते सुरू झालं.

रविवारची दुपार. बाहेर ऊन रणरणतंय, घरात सगळं चिडीचूप. सुमेधा भिंतीकडं तोंड करून झोपलेली. ट्यूबलाइटमागं पाल चुकचुकली आणि झोपेतल्या पोरीच्या तोंडून आवाज आला. सपाट, कोरडा, तिचा वाटेचना.

"फिफ्टीन, नाइन, सेव्हन्टीन, सिक्स, ट्वेल्व्ह..."

जयवंता, म्हणजे निवृत्तीची बायको, पिठाच्या हातानं धावत आली. "अहो, डोळे बघा तिचे!"

डोळे अर्धे उघडे होते आणि नुसते पांढरे दिसत होते. पोरगी वीस आकडे बोलली, थांबली. पाल पुन्हा चुकचुकली. पोरगी पुन्हा पहिल्यापासून!

"अभ्यास मुरतोय," निवृत्ती म्हणाला, पण त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

आता इथं निवृत्तीची अडचण समजून घ्या. दौलतबाबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात भूत, नजर, अंगात येणं हे शब्दसुद्धा बंद. दुसऱ्या कुणाला भीती वाटली तर त्याला दहा वाटा असतात. गंडा आहे, दोरा आहे, अंगारा आहे. निवृत्तीला घाबरायची सोयच नव्हती! बिचाऱ्यानं घाबरून करायचं काय?

त्याची आई केसरबाई संध्याकाळी बाजारातून परतली. पिशवीत एक लिंबू.

"आई! आपल्यात असलं चालत नाही!"

"मी काय केलं? सरबताला आणलंय."

"आणि ह्या सात मिरच्या?"

"तिखट सरबत करते," म्हातारी म्हणाली आणि आत गेली. नातीवरून काही उतरवलं नाही तिनं, पण सरबतही केलं नाही.

दोन दिवसांनी सुमेधाला कोपऱ्यावरच्या दुकानात धाडलं. दुकानदारानं गल्ल्याचा खण टक् करून लावला आणि विचारलं, "अंडी किती पाहिजे, अम्मा?"

"फिफ्टीन."

"साखर?"

"नाइन."

पंधरा अंडी आणि नऊ किलो साखर दुकानाचा पोऱ्या घरी पोचवून गेला. तिसऱ्यांदा दुकानदारानं विचारलंच नाही म्हणून बरं, नाहीतर सतरा कशाचे आले असते कोण जाणे! जयवंता साखरेकडं बघत खाली बसली.

"सुमे, कुणी सांगितलं गं तुला असं बोलायला?"

"कुणी नाही. आपोआप येतं." एवढं म्हणून पोरगी खेळायला गेली.

तरी निवृत्तीनं मनाशी म्हटलं, आपल्याच पोरीचं काहीतरी असेल. पण मलकपेटला बसमध्ये त्याच्यापुढं एक अनोळखी पोरगं बसलं होतं, तेल लावून चप्प भांग पाडलेलं. कंडक्टरनं पत्र्याच्या दांड्यावर नाणं वाजवलं. टक्! पोरगं खिडकीबाहेर बघत पुटपुटलं, "फिफ्टीन, नाइन, सेव्हन्टीन, सिक्स..."

निवृत्ती अख्खा एक स्टॉप आधीच उतरला. अर्शदला एक प्रत दिली होती, हे खरं. पण मलकपेटचं पोरगं? ह्याला कोण ओळखतंय? दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत परकर घातलेली एक चिमुरडी, तेलुगू घरातली, आईच्या पदराआडून तेच. तेच आकडे, तोच सपाट आवाज, आणि डोळे कुठंतरी लांब!

गुरुवारी तर कमाल झाली. निवृत्ती घरी परतला तो पाचच्या सुमारास. ऊन तांबूस झालेलं, गल्लीत एक कुत्रंसुद्धा नाही. तेवढ्यात टक् करून लाइट गेली. घराघरातले पंखे, टीव्ही, कूलर एकदम बंद पडले. क्षणभर अशी शांतता की स्वतःच्या चपलेचा आवाज नको वाटावा. आणि मग समोरच्या खिडकीतून, वरच्या गच्चीवरून, पलीकडच्या पत्र्याच्या घरातून, सगळीकडून एका सुरात...

"फिफ्टीन. नाइन. सेव्हन्टीन. सिक्स. ट्वेल्व्ह."

शकीलभाई पायरीवर उभे होते. चेहरा पांढराफटक.

"निवृत्तीभाई, ये क्या हो रा जी?"

"काही नाही! अभ्यास!"

"अभ्यास ऐसा रहता? मेरे को तो डर लग रा."

"हमारे में डरते नहीं!" निवृत्ती ओरडला. शकीलभाईंचा हात त्यानं कधी धरला ते त्यालाही कळलं नव्हतं.

"हमारे में डरते," शकीलभाई म्हणाले, "मगर मौलवीसाब गाँव गये सो हैं."

टक् झालं की हे सुरू होतं, हे निवृत्तीनं ओळखलं, आणि त्या दिवसापासून घरात टक् असा आवाज करायचा नाही असा नियम काढला. स्विच हळू दाबा. पातेली कापडावर ठेवा. केसरबाईनं सुपारीसुद्धा फडक्यात गुंडाळून कातरली! पण चाचणी आठ दिवसांवर आली होती आणि सुमेधाचं शीट आता अठ्ठावीस सेकंदांत होत होतं. एवढं पक्कं झालेलं कोण सोडतो? निवृत्तीनं छातीवर दगड ठेवला आणि स्टॉपवॉच चालू ठेवलं.

चाचणीच्या दिवशी दौलतबाबांच्या फोटोला सगळ्यांनी हात जोडले. मोठं फाटक, आत चिंचेची झाडं. निवृत्तीनं घंटेकडं एकदा पाहिलं आणि डोळे पुसले. वर्गात मुलं बसली, पालक खिडक्यांशी; त्यात अर्शदला घेऊन आलेले शकीलभाईही. मुख्याध्यापिका इंदुताई मूळच्या परभणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वीस सोप्या प्रश्नांचे कागद पालथे वाटले आणि म्हणाल्या, "घाई नाही बरं का. वाचा, विचार करा, मग लिहा." आणि पंखा लावायला भिंतीवरचं बटण दाबलं.

टक्!

अकरा मुलांनी एकदम माना खाली घातल्या. अकरा कागद एकदम सुलटे झाले, अकरा पेन्सिली एकदम खसखसल्या. प्रश्नांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही! ओठ एकाच वेळी हलत होते. बाकीची मुलं पेन्सिल तोंडात धरून घाबरून त्यांच्याकडं बघत राहिली. एक मुलगी तर रडायला लागली. अठ्ठावीस सेकंदांत अकराही पेन्सिली खाली पडल्या, आणि सुमेधा खिडकीकडं बघून छान हसली.

घरचा सगळा कायदा गुंडाळून निवृत्तीनं मनातल्या मनात आईचं लिंबू आठवलं.

इंदुताईंनी कागद तपासले. पुन्हा तपासले. मग त्या बाहेर पालकांसमोर आल्या.

"अकरा कागदांवर पहिलं उत्तर पंधरा. दुसरं नऊ. तिसरं सतरा. शेवटपर्यंत तेच!"

"पेपर फुटला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"फुटलेल्या पेपरची उत्तरं निदान बरोबर तरी असतात हो! पहिला प्रश्न होता, पाच अधिक तीन."

इंदुताईंनी त्या मलकपेटच्या, चप्प भांगाच्या पोराला जवळ घेतलं. "बाळ, हे कुठं शिकलास?" पोरानं दप्तरातून एक कागद काढला. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या झालेल्या, आकडे पुसट. त्यांनी तो उन्हाकडं धरला.

"हा खाली कसला शिक्का आहे? 'ट्रू कॉपी.' सही... नि... पुढचं लागत नाही... सीनियर असिस्टंट."

आता काय सांगावं! दिवसाला आठशे कागद साक्षांकित करणारा निवृत्तीचा हात तो. मशीनमधून कागद बाहेर आला की शिक्का मारायचा, सही ठोकायची. त्या दुपारी दोनशे शीटांवर हातानं आपलं काम चोख केलं होतं आणि डोक्याला कळवलंच नव्हतं! एक प्रत शकीलभाईंकडून त्यांच्या साडूकडं गेली, साडूकडून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं, आणि तिथून अख्ख्या शहरात.

"आम्ही तर शिक्का बघूनच घेतलं!" पोराचा बाप म्हणाला. "सब बोले, नव्या राज्याचा सिलॅबस हाच येणार!"

"मला तर सांगितलं की शिक्का नसलेली प्रत डुप्लिकेट!" दुसरी बाई म्हणाली.

सही अशी गिचमिड होती की निवृत्ती मुकाट्यानं सटकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण फाटकाजवळ ती घंटा टांगलेली होती. तो पुढं झाला. "मॅडम, माझीच आहे ती."

दहा कुटुंबं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघायला लागली, त्यापुढं लाइट गेलेली गल्ली बरी होती.

इंदुताई रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी टेबलावर सात चिंचोके मांडले आणि सुमेधाला बोलावलं. "हे सात. त्यातले तीन मी घेतले. राहिले किती?"

सुमेधानं चिंचोक्यांकडं पाहिलं. टेबलाच्या खाली पाहिलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, शीट कुठंय?"

"शीट वाईट नसतं," इंदुताई म्हणाल्या, "पण ह्या पोरीनं बेरीज कधी केलीच नाही हो. तुम्ही तिच्याकडून अक्षर गिरवून घेतलंत. जागा महिनाभर ठेवते. अकराही जणांना परत आणा. कागद नको, मोजायला शिकवा." टेबलावरचे आणि मुठीतले सातही चिंचोके त्यांनी निवृत्तीच्या हातात दिले.

बापलेक बसस्टॉपवर येऊन बसले.

"सुमे, तुला येत नव्हतं तर मला सांगायचं नाहीस का गं?"

"तुम्ही विचारलंच नाही, बाबा. तुम्ही नुसतं विचारायचे, किती सेकंद झाले."

निवृत्तीनं बाकावर चिंचोके मांडले, सात, आणि तीन उचलून मुठीत घेतले. "आता सांग. घाई नाही."

सुमेधा वाकली. एकेक चिंचोका बोटानं सरकवला, पुन्हा मागं आणला, बाबाच्या मुठीकडं पाहिलं, बोटं मोजली, जीभ बाहेर काढून विचार केला. अंबरपेठेची एक बस आली, गेली. दुसरी आली, कंडक्टर ओरडला, तीही गेली. निवृत्ती जागचा हलला नाही.

शेवटी सुमेधानं मान वर केली.

"पाच!"

पाठीमागं शकीलभाई अर्शदला घेऊन उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

"जवळ आलीस, बेटा," निवृत्ती म्हणाला. "परत मोज."