नळीला गंज चढेना!

बंदूक करणं म्हणजे काय ब्रह्मदेवाचं काम आहे का? खोकं मागवायचं, तुकडे काढायचे, जोडायचे आणि बार काढायचा! मार्च महिन्यात मी हे छातीठोकपणे म्हणालो, तेव्हा माझी बायको नोरीन नुसती हसली. ती हसली की मला पुढचं काही सुचत नाही, म्हणून मी लगेच खोकं मागवून टाकलं.

त्याला कारणही तसंच होतं. आमच्या टेनेसीच्या डोंगरात ठासणीच्या बंदुकीला फार मान. खोऱ्याची पाच जणांची टीम आहे आणि तिच्यात माझे सासरे एल्वुड एकेचाळीस वर्षं होते. मी नऊ वर्षं टीमच्या दरवर्षीच्या स्पर्धेत लोकांसाठी मासे तळत होतो. या वर्षी सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत ते आमच्याकडे राहायला आले. पहिल्याच सकाळी बिस्किटं आणि रश्शावर हात मारता मारता त्यांनी जाहीर केलं, "सप्टेंबरात माझा शेवटचा बार. मग जागा सोडली! जावईबापू स्वतःच्या हातांनी केलेली बंदूक घेऊन आले आणि त्यांनी निशाणाच्या फळीला गोळी लावली, तर जागा त्यांची. नाहीतर मर्लची."

मर्ल म्हणजे आमचा दातांचा डॉक्टर. तो मर्ल टीममध्ये आणि मी मासे तळतोय! छे! शक्यच नाही!

खोक्यावर लिहिलं होतं, 'नव्वद टक्के काम झालेलं.' उरलेल्या दहा टक्क्यांना एप्रिल ते ऑगस्ट लागले. नळी लाकडी दस्त्यात नीट बसावी म्हणून तिला काजळी फासायची, दस्त्यात दाबायची आणि जिथे काळा डाग उठेल तिथलं लाकूड खरवडायचं. डाग दस्त्यावर उठले, फ्रिजवर उठले, मांजरावर उठले. एका रविवारी चर्चमध्ये मी पाद्रीबाबांशी हात मिळवला आणि त्यांनी पुढे तेरा जणांशी मिळवला!

पण बसली! नळी दस्त्यात अशी बसली की मधून केस जाणार नाही. आता एकच काम उरलं, गंज चढवायचं. हो, चढवायचं! नळी चकचकीत राहिली तर उन्हात चमकते आणि हरीण मैलावरून पळून जातं. म्हणून औषध लावून ती दमट जागी टांगायची. छान तपकिरी गंज धरला की धुऊन, तेल देऊन थांबवायचा. पोर करील असं काम.

आमच्या घरात दमट जागा एकच, बाथरूम. सोमवारी संध्याकाळी मी औषध फासून नळी दाराच्या खुंटीला टांगली. मंगळवारी सकाळी आठला उठून पाहतो तर आरशासारखी लखलखीत!

बुधवारी तेच. मी दुकानदाराला फोन लावला.

"अशक्य!" तो म्हणाला. "आमच्या औषधाने कुंपणाच्या तारा गंजतात. नळीला तेल लागलंय का?"

हात लावून पाहिलं, तर खरंच तेल! आलं कुठून? मी हात भांड्यांच्या साबणाने वीस वेळा धुतले, रबरी मोजे चढवले आणि घरात बेकन बंद केलं.

"मी लग्न तुझ्याशी केलं," नोरीन कडाडली, "बिनबेकनच्या नाश्त्याशी नाही!"

गुरुवारी पुन्हा लखलखीत! मला काही म्हणजे काही कळेना. ज्या घरात न्हाणीचा पत्रा, गाडीचं दार, झालंच तर माझा वस्तराही गंजतो, तिथे गंजाची विनवणी करूनही तो येईना! स्पर्धा शनिवारी!

सासरेही त्या दिवसांत चिमणीएवढं खायचे. मी विचारलं, "बरं नाही का, बाबा?"

"मला काय धाड भरलीय? तुझी नळी काय म्हणतेय?"

"उत्तम! आणि तुमची?"

"माझी? उत्तम!"

मग दोघांनीही कॉफीच्या कपात डोकं घातलं.

आणि शुक्रवारी चमत्कार झाला! खुंटीवरची नळी तपकिरी! गडद, एकसारखी, जणू साठ वर्षं मुरलेली! मी बाथरूममध्येच नाचलो. पण दस्त्यात ठेवली तर बसेना. वाफेने लाकूड फुगलं असणार! मी तासणी घेतली आणि पाच महिन्यांची कारागिरी अर्ध्या तासात पोखरून काढली. तरी नळी पुढे दोन इंच बाहेर. गंज चढला की लोखंड फुगतं असं शाळेत शिकवलं होतंच, पण इतकं?

शनिवारी अख्खं खोरं मैदानावर लोटलं. रिवाजाप्रमाणे जागा सोडणाऱ्याने शेवटचा बार काढायचा आणि मग घेणाऱ्याने. सासरे पुढे आले. त्यांची बंदूक चकाकत होती. दस्त्यात नळी हलू नये म्हणून त्यांनी चामड्याचे तुकडे कोंबले होते. माझ्याकडे न बघता ते पुटपुटले, "म्हातारी झाली, आकसली." एक डोळा मिटून त्यांनी चाप ओढला. धाड! धूर विरला आणि पाहतो तर गोळी मधोमध!

मग मी. दारू ओतली, गोळी ठासली, नेम धरला. धाड! फळी धाडकन खाली!

"लागली!" मी ओरडलो.

"पायाला लागली," मर्ल म्हणाला. "लाकडाचा पाय मोडला म्हणून पडली. पाय म्हणजे फळी नव्हे."

"पाय फळीचाच आहे ना?"

"हिरडी म्हणजे दात नव्हे!"

वाद पंच लॉरेटाकडे गेला. तिने तीस वर्षं डोंगरात टपाल वाटलं आहे आणि ती कुणाला भीक घालत नाही. ती माझी बंदूक निरखू लागली. मग तिने सासऱ्यांची मागवली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"एल्वुड, तुझी नळी या जावयाच्या बंदुकीत काय करतेय?"

"माझी?"

"वीस वर्षं हिच्याकडून हरलेय मी. मी नाही ओळखणार? आणि तुझ्या दस्त्यात ही दुकानातली नवी कोरी नळी आहे!"

नोरीनने कपाळाला हात लावला. "बाबा रोज संध्याकाळी नेमबाजीहून आले की बंदुकीची नळी काढून टबात धुतात आणि तिथेच उभी करतात. सकाळी आंघोळीआधी मी ती त्यांच्या कपाटात ठेवते. काल कपाटाला कुलूप होतं, म्हणून खुंटीला लावली."

"कुलूप मीच लावलं होतं," सासरे सावकाश म्हणाले. "पहाटे पाचला उठलो की खुंटीवरच्या नळीला गंज लागलेला असायचा. मी घासून तेल द्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज. मला वाटलं, माझीच, पोरीने टबातून उचलून टांगलेली. काल म्हटलं, या दमट जागेत ठेवायलाच नको, म्हणून कपाटात कोंडली."

"घासत होता?" मी किंचाळलो. "तुम्ही घासत होता?"

"मला धड दिसत नाही रे. आपली बंदूक आपल्या हातात गंजतेय, इतकं आपण निकामी झालो, असं वाटलं. कुणाला सांगायची लाज वाटली." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "म्हणजे गंजत नव्हती?"

"नाही, बाबा. ती माझी गंजत होती."

खरं सांगतो, जागा गेली तरी चालेल, माणूस सुखी झाला पाहिजे, असं मला मनापासून वाटलं. असं वाटणं फार तर पाच सेकंद टिकलं, कारण तेवढ्यात सासरे ताठ झाले.

"म्हणजे मी ठणठणीत आहे! एका डोळ्याने, परक्या नळीने, मधोमध मारली! मग जागा सोडायची कशाला? ऑपरेशन होऊ द्या, अजून दहा वर्षं हलत नाही!"

टोप्या हवेत उडाल्या. सगळ्यात मोठी टोपी मर्लची, तीही त्याने पडेल चेहऱ्याने उडवली, तेवढंच समाधान.

घरी जाताना गाडीत मी नोरीनला म्हटलं, "काही म्हण, माझी नळी सरळ आहे हे सिद्ध झालं. मधोमध लागली."

"हो ना," ती म्हणाली. "आणि तू बाबांच्या नळीने पाय मोडलास. म्हणजे आता बंदुकीला दोष द्यायचीसुद्धा सोय राहिली नाही."