बिनहाडाची मेजवानी

मुकाश सुरीला धार लावत होता, तेवढ्यात नवे साहेब स्वयंपाकघरात आले. बिश्केकच्या त्या पाणीपुरवठा कचेरीतून आज सगळ्यांचे 'आके', म्हणजे थोरले दादा, सागिन-आके निवृत्त होत होते. मुकाशला हाताला धरून काम शिकवलं ते त्यांनीच, म्हणून मेंढी त्याने स्वतः पारखून आणली होती. तिथल्या रीतीप्रमाणे मेजवानीत वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाला कमरेचं हाड मिळायचं, आणि मग उतरत्या मानाने इतरांना बाकीची हाडं. सागिन-आके बरगडीपासून चढत चढत आज कुठे कमरेपर्यंत पोचले होते.

"हाडं काढून टाक," साहेब म्हणाले. साहेब तिशीतले, परदेशात शिकलेले. "लहानमोठं काही नको. इथे सगळे सारखे."

"पण साहेब, निदान आकेंचं हाड तरी..."

"कुठल्या जमान्यात राहतोस रे?"

मुकाशच्या बढतीवर सही साहेबांचीच व्हायची होती. त्याने मुकाट्याने मांस सोडवलं, सारखे तुकडे केले आणि हाडं मागच्या अंगणात फेकली.

ताटं वाढली आणि पंचाईत झाली.

"तिला एवढी चरबी, आणि मला नुसतं चिवट?" हिशेबनीस झूरा शेजारणीच्या ताटाकडे बोट दाखवत फणकारली. "मी काय कालची पोर आहे?"

"ड्रायव्हरला माझ्याआधी ताट?" भांडारपाल गुरगुरला.

"दाराशी बसलोय म्हणून आधी आलं!" ड्रायव्हर उसळला. "आणि मला दाराशी बसवलं कुणी?"

साहेब हसत होते. थोड्या वेळाने ते मुकाशच्या कानाशी वाकले. "रीतीप्रमाणे मला कुठलं हाड आलं असतं रे?"

"तुम्ही वयाने सगळ्यांत लहान. बरगडी."

"बरगडी?" साहेबांचा चेहरा पडला. "अरे, पण मी साहेब आहे ना!"

 सागिन-आकेंनी मात्र खिशातून एक स्वच्छ पिशवी काढली, ताटाकडे पाहिलं आणि तिची पुन्हा घडी घालू लागले.

"तुझ्या वहिनीने दिली होती," ते मुकाशला म्हणाले. "मानाचं हाड घरी आणा म्हणाली, दोघं मिळून खाऊ. सकाळपासून वाट बघतेय."

मुकाश तडक अंगणात धावला. तिथे चौकीदाराचा म्हातारा कुत्रा कमरेचं हाड चघळत होता. दुसरी दोन-तीन चांगली धडधाकट तरणी कुत्री जिभल्या चाटत लांब बसली होती, एकही पुढे सरकत नव्हतं. मुकाशने हात घातला, तसा म्हातारा कुत्रा त्याच्यावर दात काढून गुरगुरला.

"राहू दे," मागून सागिन-आके म्हणाले. "त्याचा मान आहे तो."

"आके, चुकलंच माझं. मी साहेबांना नाही म्हणायला हवं होतं."

"बढती होईल ना तुझी?"

"होईल बहुतेक," मुकाश खाली मान घालून म्हणाला.

"बरं झालं. तुझ्या वहिनीला तेवढं तरी सांगता येईल," सागिन-आके अगदी मनापासून म्हणाले आणि रिकामी पिशवी खिशात घालून फाटकाकडे चालू लागले.