शेळकेकाकांचा शटडाऊन

शेळकेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना भेटत नाहीत. चपला काढतात, सरळ स्विचबोर्डपाशी जातात आणि उजव्या हाताची उलटी बाजू त्याला लावून डोळे मिटून उभे राहतात. मग वळून म्हणतात, "तापलंय." त्यानंतर नमस्कार. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी हॉलच्या मोठ्या बोर्डाला असाच हात लावला, तेव्हा मुलाकडच्यांना वाटलं, ही आमच्याकडची पद्धत असावी. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी मागोमाग जाऊन हात लावला आणि वर बोर्डाला नमस्कारही केला.

बिबवेवाडीतल्या आमच्या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत काका सहा वर्षांपूर्वी राहायला आले. बायको गेल्यावर, एकटेच. त्याआधी सगळी नोकरी गावाकडच्या वीज सहकारी संस्थेत. दुधाचा संघ असतो ना, तसा हा विजेचा. वीज ठोकात विकत घ्यायची आणि स्वतः उभ्या केलेल्या खांबांवरून आपल्याच सभासदांना द्यायची. काका तिथे लाईनमन म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे त्यांच्या लेखी ग्राहक नावाचा प्राणी जगात नाही, सगळे सभासद. "ग्राहक फोनवर ओरडतो. सभासद वार्षिक सभेत माईक धरून ओरडतो," हे ते मोठ्या अभिमानाने सांगतात.

पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठे किती वीज लागेल, याचा अंदाज संस्थेत आधीच काढावा लागे. काका त्यासाठी लग्नांना जायचे. एका घरात दोन मुलगे बोहल्यावर चढले, म्हणजे आज ना उद्या दोन चुली आणि दोन मीटर. कुणी विहीर खोल केली, म्हणजे मोटर मोठी बसणार. कुणाच्या दोन म्हशींच्या सहा झाल्या, की कडबा कापायचं यंत्र आलंच. हे सगळं नकाशावर पेन्सिलीने मांडायचं आणि त्यावरून नवा ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचा ते ठरवायचं.

"अंदाज कधी चुकला नाही?" मी एकदा विचारलं.

"एकदाच. लगीन मोडलं."

पुण्यात आले तरी सवय गेली नाही. कुणी आनंदाची बातमी सांगितली की आपण अभिनंदन म्हणतो, काका म्हणतात, "म्हंजी भार वाढणार." बी विंगमध्ये नवीन जोडपं आलं, त्यांना लिफ्टमध्येच गाठून त्यांनी विचारलं, "बाळाचं काय ठरलंय का? न्हाई, गीझर जास्ती चालतो." ते दोघं पुढचा आठवडाभर जिन्याने ये-जा करत होते.

या एप्रिलमध्ये काका मीटररूममधून बाहेर आले आणि थेट माझ्या दारात उभे राहिले. मी सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून झाले, हेही सांगून टाकते. काकांचं म्हणणं, मुख्य केबलचा जोड तापतोय. इमारत झाली तेव्हा चार एसी होते, आता एकतीस आहेत, शिवाय खाली रात्रभर स्कूटरी चार्ज होतात. केबल बदलायला हवी, आणि त्यासाठी एक रविवार, दहा ते दोन, सगळी इमारत बंद.

मी ताडकन नाही म्हणाले. माझ्या आईची फुप्फुसं दोन वर्षांपासून थकली आहेत आणि तिचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालतो. मशीन विजेवर. चार तास म्हणजे काय, चार मिनिटंसुद्धा मला नको होती.

"सेक्रेटरीबाई," काका शांतपणे म्हणाले, "आपण ठरवून बंद केली तर चार तास. ती आपल्या मनानं बंद पडली, तर कधी आणि किती ते तीच ठरवणार. त्या वक्ताला तुम्ही ऑफिसात असाल."

मला रागच आला, पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग जास्त वेळ टिकत नाही.

मग काकांनी शाळेची वही घेतली आणि त्यांच्या संस्थेच्या रिवाजाप्रमाणे घरोघर फिरायला सुरुवात केली. त्या रविवारी पाहुणे आहेत का, कुणाची परीक्षा आहे का, फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे का, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना लिफ्टशिवाय उतरायचं आहे का. "जिथं अडेल तिथं आधी सोय, मग शटडाऊन." पहिल्या मजल्यावरच्या जोगळेकरांनी दार अर्धंच उघडून विचारलं, "आमच्याकडे वीज आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" काकांनी वहीत लिहिलं, 'हरकत नाही.'

आईसाठी त्यांनी स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी आमच्याकडे आणून बसवली. आदल्या रविवारी आईचं मशीन त्यावर पाच तास चालवून पाहिलं, वर मला ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडरही आणायला लावला.

ठरलेल्या दिवशी दहाला वीज गेली. खाली कंत्राटदाराची माणसं कामाला लागली. ज्या कामासाठी काका महिनाभर झटले, तिथे ते छाती काढून उभे असतील असं मला वाटलं होतं. ते आले आमच्याकडे, आणि आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून मशीनवर नजर लावून बसले. खालून दोनदा बोलावणं आलं. हलले नाहीत.

"अहो शेळके, जा की खाली," आई नळीतून श्वास घेत म्हणाली. "मी काही पळून जात नाही."

"नगं मावशी. हितंच बरं."

मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. जरा वेळाने काकांचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा खालचा.

"अकरा गावांची लाईन दिवसभर बंद ठेवायची हुती, मावशी. चार दिस घरोघर फिरलो. कोण आजारी, कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, समदं लिहून घेतलं. आपलंच घर विचारायचं ऱ्हायलं. हिला दमा. वाफेचं मशीन लायटीवर. मी तिकडं खांबावर आन् हिकडं शेजाऱ्यांनी तिला ट्रॅक्टरमधी घालून दवाखान्यात न्हेलं. मला सांजच्याला कळलं."

"वाचल्या ना?"

"वाचली की. लई वर्सं जगली त्यानंतर. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, 'अहो, मी सभासद नव्हते व्हय?'"

चहा उतू गेला, मला गॅस बंद करायचं सुचलं नाही. सहा वर्षं ज्या माणसाला मी हसत आले, त्याच्यासमोर आता कपबशा घेऊन कशी जाऊ, ते कळेना.

पावणेदोनला काकांचा फोन वाजला. काम झालं होतं. "काका, चालू करू का?" कंत्राटदार इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. काकांनी फोन बाजूला धरला आणि आईला विचारलं, "मावशी, करू का चालू?"

आईने हात वर करून थांबवलं. दोन-तीन श्वास घेतले.

"नाव काय हो त्यांचं?"

"कुणाचं?"

"तुमच्या मंडळींचं. आम्हाला कधी सांगितलंच नाहीत."

काकांनी फोन धरलेला हात मांडीवर टेकवला. मग म्हणाले, "हिरा." आणि नंतर एकदम, "मावशी, ती हसायची ना…"

खाली एव्हाना अख्खी इमारत घामाघूम होऊन पार्किंगमध्ये उभी होती आणि जोगळेकर सेक्रेटरी कुठे आहे म्हणून विचारत होते. मी पुढे होऊन काकांच्या हातातला फोन घेतला आणि कंत्राटदाराला सांगितलं, अजून थोडा वेळ लागेल.