नन्नावरे फौजदारांची झडती

नन्नावरे साहेबांच्या घरी कोणी पिशवी घेऊन आलं, की साहेब ती पिशवी हातात घेण्याआधी पाहुण्याला त्याचा हक्क समजावून सांगत. तेही उंबऱ्यातच उभं करून. "तुमची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर नाईतर मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी, असा तुमचा अधिकार आहे. समजला का?" पाहुणा हसायचा. साहेब हसायचे नाहीत. "समजला म्हना," एवढं म्हणून ते वाट बघत उभे राहायचे.

एकदा ब्रम्हपुरीहून सासूबाई आल्या. त्यांना कमी ऐकू येई. एवढ्या लांबलचक वाक्यातून त्यांच्या कानात फक्त 'मॅजिस्ट्रेट' शिरलं. त्या आल्या पावली परत फिरल्या आणि जवसाचे लाडूही परत गेले. साहेबांच्या बायकोनं, विमलबाईंनी, नंतर कित्येक दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा पोलिसात नवी होते. गांजा पकडणाऱ्या पथकात एक तरी बाई लागतेच, कारण बाईची झडती बाईनंच घ्यायची असते. म्हणून मला चंद्रपूरच्या पथकात टाकलं. साहेब शिपाई म्हणून लागले आणि परीक्षा देऊन फौजदार झाले. मूळचे आमच्या चिमूरकडचे, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून 'माय'च म्हणायचे. पहिल्याच दुपारी त्यांनी माझ्या डब्याकडे बोट केलं.

"यात काय आहे, माय?"

"वांग्याची भाजी."

"उघडून पाह्यली का?"

"नाही. आईनं भरून दिला."

"मंग वांग्याची भाजी आहे असं आईनं सांगतलं, असं म्हन. आपन पाह्यलं नाई ते आपल्याले माहीत नाई."

मी डबा उघडला. आत भेंडी होती. साहेबांनी मान डोलवली आणि माझी एक भेंडी खाल्ली.

गांजाच्या कारवाईत दोन पंच लागतात. म्हणजे सगळं डोळ्यांनी बघून सही करणारी बाहेरची माणसं. पुढे त्यांना कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात, म्हणून कोणी तयार होत नाही. साहेब रस्त्यानं येताना दिसले की टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून उठायची. शेवटी टपरीवाल्यानं हात जोडले. "साहेब, तुमचा चहा मी हाफिसात आणून देत जाईन. फुकट देतो. पण इथी येत नका जाऊ."

घरी लोणच्याच्या बरणीला लाखेचं सील असे. वर कागदाची पट्टी, पट्टीवर सह्या. "लोनचं मीच घातलं, अन् फोडाले मलेच पंच पायजे," असं विमलबाई सांगायच्या. "कायद्यात बसते का?" हे साहेबांचं पालुपद होतं. गाडी कुठे लावायची, रजा कधी टाकायची, वरणात गूळ घालायचा का, सगळ्याला तोच प्रश्न. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी त्यांना मुलाचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "हा कायद्यात बसते का?" बसला. आज तो माझा नवरा आहे.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नवे फौजदार झाले तेव्हा त्यांनी गांजाचा एक मोठा व्यापारी मुद्देमालासकट पकडला होता. पण झडतीआधी त्याचा हक्क त्याला सांगायचा राहिला. तेवढ्या एका वाक्यावाचून सगळी केस पडली. साहेब कोर्टातून बाहेर आले तर तो माणूस कँटीनमध्ये बसलेला.

"त्यानं मले हाक मारली अन् चहा पाजला, माय."

"आणि तुम्ही प्यालात?"

"ऊन लय होतं," साहेब म्हणाले. "प्यालो."

त्यानंतर त्यांची एकही केस कागदातल्या चुकीनं पडली नाही. वकील त्यांच्या पंचनाम्यात भोक शोधून शोधून थकायचे. ते वाक्य त्यांनी घरी पाहुण्यांवर, भाजीवाल्यांवर, आम्हा सगळ्यांवर घोटून घोटून इतकं पक्कं केलं होतं, की ते विसरणं त्यांना शक्यच नव्हतं.

मग समक्काची बस आली.

सिरोंच्याकडची माणसं गोदावरीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. तिकडून येणाऱ्या बसमध्ये दोन पोती आहेत, अशी खबर आम्हाला होती. गोंडपिपरीच्या पुढे सागाच्या जंगलात आम्ही बस थांबवली. पोती मागच्या सीटखाली होती आणि त्यांच्याशेजारी एक मुलगी बसली होती, समक्का. विशी ओलांडलेली, बोटं मिरचीनं लाल झालेली. तिला फक्त तेलुगू येत होतं. बसमध्ये त्या बाजूचे एक मास्तर होते, ते मध्ये बोलायला तयार झाले.

साहेबांनी तिला हक्क सांगितला. मास्तरांनी तो तेलुगूत सांगितला. समजला का, असं साहेबांनी पुन्हा विचारायला लावलं. मुलीचा चेहरा उजळला. ती भराभर बोलली.

"म्हणते, मोठ्या साहेबांना बोलवाच," मास्तर म्हणाले. "त्यांना सगळं सांगते म्हणते."

तिला वाटलं, मोठा साहेब येईल, तिचं ऐकून घेईल आणि तिला घरी सोडेल.

मोठे साहेब येईपर्यंत तिनं आम्हालाच सगळं सांगून टाकलं. पोती तिला मिरची तोडायला नेणाऱ्या मुकादमाची. चंद्रपूरच्या स्टँडवर एक माणूस येईल, त्याच्याकडे द्यायची. भाडं मुकादमानं दिलं, आणि तिला चंद्रपूर पाहायचं होतं. मग नायब तहसीलदार जीपमधून आले. ती हात जोडून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि बोलू लागली. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ते साक्षीला आले होते, न्याय करायला नाही. मी तिची अंगझडती घेतली. लुगड्याच्या गाठीत बसचं तिकीट आणि थोडी चिंच सापडली.

पोती उघडली. वर लालभडक मिरची. आम्ही सगळे एकदम शिंकायला लागलो. कंडक्टर, नायब तहसीलदार, साहेब, सगळे. बसमधली माणसं हसली. समक्काही हसली. मिरचीखालून खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेली पाकिटं निघायला लागली, तरी ती हसतच होती.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं. पण पाकिटं एकामागून एक निघत राहिली. त्यांनी वजन केलं, नमुने काढले, लाख वितळवली, सील मारलं. कुठे एक रेघ चुकवली नाही. सगळं आटोपल्यावर मुलीनं मास्तरांना काहीतरी विचारलं.

"काय म्हनते?" साहेबांनी विचारलं.

"आता घरी जाऊ का, विचारते."

त्या मुकादमाला साहेबांनी खूप शोधलं. आधी सरकारी गाडीनं, मग स्वतःची रजा टाकून. तेलंगणातल्या मिरचीच्या वावरांतून ते फिरले. त्यासाठी थोडं तेलुगू शिकले. चंद्रपुरात शब्बीरभाई नावाचे मिरचीचे व्यापारी आहेत, ते त्यांना गोणीवर बसवून शिकवायचे. साहेब शिपायांना 'बागुन्नावा' म्हणून कसे आहात विचारायचे आणि शिपाई पाठमोरे होऊन हसायचे. मुकादम सापडला नाही. तिनं सांगितलेलं त्याचं नावही खोटं निघालं.

कोर्टात तिच्या वकिलानं साहेबांना विचारलं, "पोत्यात काय आहे, हे तिला माहीत होतं का?"

साहेब म्हणाले, "मले विचारसाल तं..."

"तुमचं मत नको," न्यायाधीश म्हणाले. "पाहिलं ते सांगा."

साहेबांनी एकदा समक्काकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोते तिच्या ताब्यात होते."

एवढ्या मालाला कायद्यात दहा वर्षांखाली शिक्षाच नाही. तिला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकालात आमच्या तपासाचं कौतुक केलं होतं. कुठेही त्रुटी नाही, असं.

बाहेर बाकावर साहेब बसले होते. शेजारी समक्काचा बाप, पोचय्या. तो प्रत्येक तारखेला सिरोंच्याकडून बसा बदलत यायचा आणि साहेब त्याला जेवू घालायचे. त्या दिवशी पोचय्याला निकाल कोणी समजावला नव्हता. साहेबांनी त्यांच्या मोडक्या तेलुगूत समजावला. म्हातारा ऐकत राहिला, मग त्यानं साहेबांच्याच खांद्यावर हात ठेवला.

परतताना गाडीत साहेब मला म्हणाले, "दुसरा कोनी असता तं काईतरी विसरला असता, माय. सुटली असती पोरगी."

मी म्हटलं, "तुम्ही नियमानं केलं."

"हाव," ते म्हणाले. "तेच तं."

वर्षभरात ते निवृत्त झाले. मी अधूनमधून त्यांच्या घरी जायचे. उंबऱ्यात आता कोणी अडवत नसे. पिशवी घेऊन सरळ आत जाता यायचं, आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं. साहेब मधूनमधून गुडघा दाखवायला नागपूरला जातात, असं कळलं. एकदा विमलबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"त्याईच्या गुडघ्याले काई झालं नाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी इचारत नाई. पन औंदा बीपी वाढलं आहे. तू संगं जाशीन का?"

मी साडी नेसून, साध्या वेशात, त्यांच्यासोबत निघाले. साहेबांनी का म्हणून विचारलं नाही. बसमध्ये वरोरा गेल्यावर ते आपणहून बोलले. इतके दिवस ते पोचय्याला नागपूरच्या तुरुंगात समक्काच्या मुलाखतीला नेत होते. म्हाताऱ्याला नागपूरचा रस्ता समजत नव्हता, अर्ज लिहिता येत नव्हता. साहेब चंद्रपूरच्या स्टँडवर त्याची वाट बघायचे आणि तिथून दोघं सोबत जायचे. मुलाखतीच्या वेळी साहेब मागे भिंतीपाशी उभे राहायचे. समक्काशी ते कधी बोलले नव्हते, तीही त्यांच्याशी बोलली नव्हती.

"मंग आज पोचय्या कुठी आहे?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझी भाषाही चिमूरची व्हायची.

"मेला," साहेब म्हणाले. "तापानं. तिले सांगाले चाललो." आणि खिडकीकडे तोंड करून ते ओठांतल्या ओठांत तेलुगू शब्द घोळवायला लागले.

जाळीपलीकडे समक्का आली. अंगानं भरली होती, केस बारीक कापले होते. तिनं आधी आमच्या मागे पाहिलं, बाप कुठे आहे ते. साहेब जाळीजवळ गेले. आयुष्यात कोर्टात कधी अडखळले नव्हते ते नन्नावरे साहेब शब्द जुळवत उभे राहिले.

"बिड्डा," ते म्हणाले. तिकडे लेकीला असंच म्हणतात. "नायना पोयिंडु."

बाप गेला. एवढंच वाक्य त्यांना नीट जमलं.

ती जाळीला धरून उभी राहिली. रडली नाही. मग ती बोलली आणि आम्ही दोघंही चमकलो, कारण ती आमच्याच बोलीत बोलली. तुरुंगातल्या बायकांत राहून ती शिकली होती.

"कवा गेला?"

"मागच्या आठवड्यात."

"माह्याशिवाय त्याले कोनी नोतं. खांदा कोनं देला?"

"गावातले होते तिघं," साहेब म्हणाले. "अन् मी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तो राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. जे दिसलं तेवढंच सांगते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "घर?"

"झाडून काढलं. कुलूप लावलं. बकऱ्या शेजारच्या बाईकडे आहेत." साहेबांनी खिशातून किल्ली काढून तिला दाखवली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. "मी जात राहीन. घर पडू देनार नाई."

"मले अजून लय वर्सं आहेत, साहेब," ती म्हणाली. "तुमी तं म्हातारे झाले."

साहेबांनी मान हलवली. हे त्यांच्याही मनात येऊन गेलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी नसलो तं किल्ली हिच्याजवळ राहीन."

मला त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. समक्कानं तेव्हा मला नीट पाहिलं. तिची झडती घेतलेले हात माझेच होते. तिनं ओळखलं, हे मला कळलं.

"सुटीन तवा किल्ली आनजो तू," ती मला म्हणाली.

मी हो म्हटलं.

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. ती आत गेली. बाहेर उन्हात आल्यावर साहेबांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, मला तिचं वजन कळावं तशी, आणि थोड्या वेळानं परत घेतली.

"कुलूप जुनं आहे," ते म्हणाले. "किल्ली घातली की आधी थोडी मागं ओढा लागते. मंग फिरवजो."