अप्पांची सक्तीची विश्रांती

सोमवारी सकाळी अप्पा कार्यालयात शिरले तेव्हा चारही कॉम्प्युटरांवर एकच मजकूर झळकत होता आणि त्यांच्यापुढे चार माणसं हात बांधून उभी होती. मजकूर असा : ‘आपण अतिशय थकला आहात. आपल्या आरोग्यासाठी आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. कृपया विश्रांती घ्या.’

“कोण थकलंय?” अप्पांनी पिशवी खुंटीला अडकवत विचारलं.

“तुम्ही,” टायपिस्टबाई म्हणाल्या.

“मी? अहो, मी आत्ता तर येतोय!”

आता ही भानगड नीट समजून घ्यायला हवी. अप्पा पाणीपुरवठा कार्यालयातले हेडक्लार्क. कॉम्प्युटर आले तेव्हा प्रत्येकाला वेगळं खातं मिळालं होतं. पण टायपिस्टबाई आपला पासवर्ड आठवड्यात विसरल्या. बिलं करणाऱ्या कारकुनानं, कुणाला ओळखता येऊ नये म्हणून, इतका अवघड पासवर्ड ठेवला की त्यालाही तो ओळखता येईना. तक्रारी घेणाऱ्यानं चुकीचा पासवर्ड मारून मारून खातंच बंद पाडलं. म्हाताऱ्या शिपायाला तर खातं दिलंच नव्हतं. राहता राहिलं अप्पांचं. त्यांचा पासवर्ड म्हणजे नातीचं लाडकं नाव, तेव्हा तो सगळ्यांना पाठ. मग काय, अख्खं कार्यालय अप्पांच्या खात्यावर चालू लागलं. वापरत नव्हते ते फक्त अप्पा. कॉम्प्युटर कुठून सुरू होतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते मसुदा पेनानं लिहायचे आणि म्हणायचे, “बाई, एवढं जरा टाइप करून द्या.”

हे बाहेर कळून चालणार नव्हतं. कारण ज्यांना कॉम्प्युटर येत नाही त्यांना गावाबाहेरच्या पाइपांच्या गोदामात धाडायचं, असा मुख्य कार्यालयाचा फतवा निघाला होता. गोदामाची बस उजाडायच्या आत सुटायची. आणि अप्पांची नात शाळेत जायची ती अप्पांचंच बोट धरून. आईनं, बाबांनी, आजीनं, सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिले होते. ती दारातच फतकल मारून बसायची. अप्पांचीही दिवसाची खरी कमाई म्हणजे तो रस्ताभरचा वटवटाट. गोदामात गेलं की ती बुडणार.

आणि आता मुख्य कार्यालयानं कर्मचाऱ्यांवरचा ताण मोजणारी नवी यंत्रणा बसवली होती. तिला एक माणूस दिवसाला बत्तीस तास काम करताना दिसला.

“खरं काय ते सांगून टाकू या,” शिपाई म्हणाला.

“आणि मला गोदामात पाठवू या, असंच ना?” अप्पा उखडले. “कुणी तोंड उघडायचं नाही!”

दुपारी मुख्य कार्यालयाकडून समुपदेशकबाई आल्या. वय लहान, आवाज मऊ, हातात भलीमोठी बॅग. अप्पांना त्यांनी खुर्चीत असं बसवलं की जणू ते आत्ताच शुद्धीवर आलेत.

“घाबरू नका हं, काका. आम्हाला सगळं समजलंय.”

“सगळं?” अप्पांचा चेहरा उतरला.

“तुम्ही एकाच वेळी बिलं करता, पत्रं टाइप करता, तक्रारी नोंदवता. आणि जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळता. रोज हरता, तरी खेळता.”

“रोज नाही हरत!” दारातून शिपाई फणकारला. टायपिस्टबाईंनी डोळे वटारले तसा तो सावरून म्हणाला, “म्हणजे... अप्पा कधी कधी जिंकतात, असं म्हणायचंय मला.”

बाईंनी अप्पांचा रक्तदाब घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “अगदी उत्तम आहे,” त्या काळजीनं म्हणाल्या. “हेच वाईट. शरीरानं तक्रार करणंच सोडून दिलंय. झोप कशी लागते?”

“छान लागते की.”

“बघा! डोळे दुखतात?”

“नाही.”

“मान?”

“तीही नाही.”

प्रत्येक ‘नाही’सरशी बाईंचा चेहरा आणखी गंभीर होत गेला. “काका, इतका ताण माणसाला झेपत नाही. तुम्हाला अशा जागी पाठवायला हवं जिथं कॉम्प्युटरचं नखसुद्धा दिसणार नाही. आपलं ते पाइपांचं गोदाम आहे ना...”

अप्पा ताडकन उठले. लपवलं तरी गोदाम, आणि सांगितलं तरी गोदाम! निदान सांगून टाकलं तर हातापाया तरी पडता येईल. त्यांनी एका दमात कबूल करून टाकलं. “अहो बाई, मला कॉम्प्युटर येतच नाही! जन्मात हात लावलेला नाही मी त्याला! हे चौघं माझ्या नावावर काम करतात. मी शिकेन, शपथेवर सांगतो, उद्यापासून शिकेन, पण मला गोदामात नका पाठवू!”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कधीपासून असं वाटतंय तुम्हाला?” त्यांनी हळूच विचारलं.

“वाटत नाहीये हो, खरंच येत नाही!”

“बरं. एवढा कॉम्प्युटर बंद करून दाखवता?”

अप्पांनी समोरच्या पेटीला पुढून मागून न्याहाळलं. एक बटण दाबलं तर पडद्यावरचा उजेड कमी झाला. दुसरं दाबलं तर शेजारचा छापायचा यंत्रोबा घुरघुरला आणि त्यानं एक कोरा कागद बाहेर फेकला.

“पुरे, काका, पुरे,” बाईंनी त्यांचा हात धरला. “शेवटच्या टप्प्यात असंच होतं. माणूस साधं बटण ओळखेनासा होतो. आणि सहकाऱ्यांवर संशयही घेतो.”

“अहो, विचारा ना त्यांना!”

बाईंनी चौघांकडे पाहिलं. चौघांनाही एकदम आपापलं गोदाम दिसू लागलं. दुसऱ्याच्या खात्यावर काम करण्याबद्दल काय शिक्षा आहे हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून चौघंही जमिनीकडे बघत राहिले.

“फार राबतात हो अप्पा,” तक्रारवाला पुटपुटला.

संध्याकाळी मुख्य कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. “अप्पा, तुमच्यासारखा कामसू माणूस आम्हाला जपायचाय. गोदामाचा हुकूम तुमच्या खात्यावर पाठवलाय. उघडा, ‘मान्य’वर टिचकी मारा आणि उद्याच रुजू व्हा.”

अप्पांनी पडद्यावरच्या मजकुराकडे पाहिलं. “खातं... खातं तर बंद आहे, साहेब.”

“अरे हो. ते तुम्ही रुजू झालात की आपोआप उघडेल.”

“आणि हुकूम मान्य न करता रुजू व्हायचं?”

“छे! ते कसं चालेल?”

“मग मान्य कुठून करू? खातं बंद.”

“ते रुजू झालात की...” साहेब मध्येच थांबले. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. “मला वाटतं, आधी... नाही, नाही. तुम्ही असं करा... नको, काहीच करू नका. आहात तिथंच बसा. मी वर विचारून कळवतो.”

अप्पांनी फोन ठेवला. टायपिस्टबाई रडायच्या बेतात होत्या. तक्रारवाल्याला मात्र दुपारी मान खाली घातल्याची लाज भरून काढायची होती. तो उत्साहानं पुढं सरसावला.

“अप्पा, तुम्ही अजिबात काळजी करू नका! माझा मेव्हणा मुख्य कार्यालयात त्याच विभागात आहे. एक फोन टाकतो, पाच मिनिटांत तुमचं खातं उघडून देतो!”

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“खबरदार हात लावशील तर!” ते गरजले. “दिसत नाही, मी विश्रांती घेतोय?”