दहाव्या संगणकाची संमती

रेणुका मॅडमचा हिशोब साधा होता. एका संगणकाला पंधरा मिनिटं, म्हणजे दहा संगणकांना अडीच तास. मधल्या सुट्टीपर्यंत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शाळेच्या संगणक खोलीत सगळीकडे बसलेली असेल. भाषा फुकट होती. लागणारं सगळं सामान एकाच फाइलीत बांधून मिळत होतं आणि ती फाइल जिंतूरच्या मैत्रिणीनं पेनड्राइव्हवर दिली होती. परभणीच्या स्पर्धेला नववीच्या सहा मुली जाणार होत्या. चारठाण्याच्या अलीकडच्या या शाळेतून परभणीला आजवर फक्त कबड्डीचा संघ गेला होता.

हिशोबात सितारामकाका धरायचे राहून गेले.

काका शाळेचे लिपिक. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी न वाचलेल्या कागदावर सही केली नव्हती. लग्नपत्रिकासुद्धा ते खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचत, आणि मगच आहेर काय करायचा ते ठरवत. संगणक त्यांच्या ताब्यात, म्हणून पहिला संगणक त्यांच्यासमोर सुरू झाला. पडद्यावर एक चौकट उघडली. आत बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर, आणि तळाशी ‘मान्य आहे’ अशा अर्थाचं बटण. रेणुकाचा हात सवयीनं तिकडे गेला.

"थांबा मॅडम. काय मान्य हाय?"

"नियम असतात हो काका. कुणी वाचत नाही ते."

"कुणी वाचत न्हाई म्हणून तर बारीक लिवतेत." काकांनी चष्मा लावला आणि मजकूर खाली सरकवायला सुरुवात केली. तो सरकतच राहिला. "हे चौदा पानं भरतंय. शिवाय संमती शाळेची मागायलेत, माजी न्हाई. म्हंजे शाळा समितीचा ठराव आला. समितीला इंग्रजी येत न्हाई, म्हंजे भाषांतर आलं."

"काका, स्पर्धा अठरा तारखेला आहे. आज तीन."

"मग आजच सुरू करतो की," काका म्हणाले, आणि त्यांनी पडद्यावर कागद चिकटवला: ‘हात लावू नये. वाचन चालू आहे.’

रेणुका मुख्याध्यापकांकडे गेली. चंद्रभान सरांनी सगळं ऐकलं, खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघितलं आणि म्हणाले, "सितारामला मी काही सांगू शकत नाही. माझ्या रजेचा अर्जसुद्धा तो दोनदा परत करतो. पण दोन वाजता तो पोस्टात जातो, साडेचारला येतो. मी काही बोललो नाही."

साडेचारला काका आले तेव्हा नऊ संगणकांवर भाषा बसली होती. काकांनी अडवलेला पहिला संगणक आता दहावा उरला होता; त्यावर कागद तसाच होता.

इथून रेणुकाचे हाल सुरू झाले. सराव तर रोज हवा, आणि काका तर केव्हाही येणार. म्हणून दाराशी बसणाऱ्या बबितानं खोकायचं आणि तिच्यासकट सहाहीजणींनी चित्रं काढायची खिडकी पडद्यावर आणायची, असं ठरलं. काका आत आले की सहा पडद्यांवर सहा फुलं असत.

"लय फुलं काढायल्यात पोरी," काका म्हणत.

"स्पर्धेत रंगसंगतीला गुण आहेत," रेणुका म्हणायची, आणि तिचे कान तापायचे.

त्यावर काका शांतपणे वही उघडत. कारण भाषांतराला त्यांना मॅडमच लागत. मुली मागे फुलं काढत असताना रेणुकाला त्याच चौदा पानांतला शब्दन् शब्द सांगावा लागे. आठ दिवसांत नियम तिला तोंडपाठ झाले. कुणीही वापरावं. कुणालाही द्यावं. हवं तर बदलावं. बिघडलं तर आम्हाला विचारू नये.

"न विचारता घेऊ नये, असं कुठं लिवलंय का?" काकांनी एकदा विचारलं.

रेणुकाला ठसका लागला. तिच्याआधी बबिता खोकली असती तर बरं झालं असतं.

पंधरा तारखेला स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरायचा होता. तो वाचायचा राहिला होता, आणि आता रेणुकानं वाचला. त्यात एक ओळ होती: भाषा शाळेच्या मंजुरीनं बसवून किमान दहा दिवस झालेले असावेत. खाली शिक्का.

शिक्का काकांच्या कुलपात. मंजुरी मिळणार ती आज दुपारच्या समितीच्या सभेत. खरी तारीख सांगावी तर मंजुरी नव्हती. मंजुरीची तारीख लिहावी तर दहा दिवस नव्हते. मुली परकर-पोलक्याच्या वयापासून एसटीनं परभणीला जायचं म्हणत होत्या, आणि त्यांच्या नावाचा अर्ज आता तिच्याच खोटेपणात अडकला होता. सभेत सगळं कबूल करायचं, असं तिनं ठरवलं.

सभा सुरू झाली. अध्यक्ष छबूबाई, ज्यांची नात त्या सहाजणींत होती, पदर खोचून बसल्या. काकांनी चौदा पानं मराठीत वाचून दाखवली. त्याला सव्वा तास लागला. चंद्रभान सर मधे दोनदा जागे झाले.

"फुकट द्यायलेत?" छबूबाईंनी विचारलं. "मग देणाऱ्याचं घर कसं चालतंय?"

"लय जण हायेत, बाई. जगभर. आपलं काम आटपून मग हे लिवतेत."

"श्रमदान की मग! तसं सांगा ना. चौदा पानं कशाला?"

रेणुका उभी राहिली. "मला काही सांगायचं आहे."

"बसा मॅडम. ठराव वाचतो," काका म्हणाले. "ठराव क्रमांक सात. सदर भाषा दहाव्या संगणकावर बसविण्यास मंजुरी. तसेच दिनांक तीन रोजी नऊ संगणकांवर बसविलेल्या भाषेस कार्योत्तर मंजुरी, दिनांक तीनपासून."

रेणुका बसली. चंद्रभान सरांना खिडकीबाहेर लिंब सापडलं.

"कार्योत्तर म्हंजे?" छबूबाई.

"आधी केलं, मग इचारलं. सरकारात लय चालतंय."

सभा संपल्यावर रेणुकानं त्यांना व्हरांड्यात गाठलं. "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिशी. पोरी फुलं काढायल्या आन् एकमेकींला म्हनायल्या, कंस मिटव. फुलाला कंस कुठं असतो मॅडम?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बंद करावं लागलं असतं," काका म्हणाले. "वाचून तर झालं नव्हतं."

अर्जावर शिक्का बसला. उरला दहावा संगणक. कागद निघाला, चौकट तिथंच होती. सहा मुली, सर, छबूबाई, सगळे मागे उभे राहिले. काका खुर्चीत बसले, खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"सही कुठं करायची?"

"सही नसते काका. नुसतं बटण दाबायचं."

"आन् नाव?"

"नाव विचारत नाहीत."

"तारीख?"

"तीही नाही."

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हंजे मॅडम, हा तर अंगठाच झाला की."

त्यांनी माउस बाजूला सारला. "पुरुषाचा डावा," असं स्वतःशीच म्हणत एंटरच्या कळीवर डावा अंगठा टेकवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढं सरकू लागली. काकांनी रुमाल काढून अंगठा पुसला.